सात किलो, अधिक-उणे दहा

दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात एम.एस्सी.चे प्रबंध चाळले की एक गोष्ट पुन:पुन्हा दिसते. उपचारांच्या सरासऱ्यांचा तक्ता, त्याच्या तळाला एस.ई. (स्टँडर्ड एरर) आणि सी.डी. (क्रिटिकल डिफरन्स) अशा दोन ओळी, आणि फरक सी.डी.च्या आत राहिला असेल तिथे दोन अक्षरं : एन.एस. म्हणजे नॉन-सिग्निफिकंट. प्रबंध लिहिणारा तिथे थांबत नाही, तपासणारा थांबत नाही. थांबतो तो बागायतदार, कारण त्याला पुढच्या हंगामात पैसे घालायचे असतात.

पुढचा संवाद मी रचलेला आहे. मामाची हापूसची बाग दापोलीजवळ, थोडी सड्यावर, थोडी खाली वाडीला लागून. भाची विद्यापीठात शिकते आणि तिने एका फवारणीचा प्रयोग मामाच्याच वीस कलमांवर केला आहे. आकडे हिशोब कळावा म्हणून घेतले आहेत, ते कुणाच्या प्रबंधातले नाहीत. वाद मात्र खरा आहे.

मामा : हे एन.एस. काय गो?

भाची : नॉन-सिग्निफिकंट. फवारलेल्या दहा कलमांची सरासरी 38 किलो आली, न फवारलेल्या दहांची 31. सात किलोंचा फरक आहे, पण तो सिद्ध होत नाही.

मामा : सिद्ध होत नाही म्हणजे? वजनकाटा तुझा, क्रेट माझ्या गड्यांनी उचलले. सात किलो जास्त भरले की नाही?

भाची : भरले ना. या वीस झाडांवर भरले यात वादच नाही. प्रश्न असा आहे की ते फवारणीमुळे भरले, की चांगली झाडं योगायोगाने त्या बाजूला पडली म्हणून. झाडाझाडांत किती फरक आहे बघ. फवारलेल्यांत एक कलम 20 किलोंवर अडलं आणि एक 57 पर्यंत गेलं. त्यांचा एस.डी., म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, 12, न फवारलेल्यांचा 9. दोन्हींचा वर्ग करायचा, दहा-दहाने भागायचं, बेरीज करून वर्गमूळ काढायचं. आली 4.74. ही दोन सरासऱ्यांतल्या फरकाची एस.ई. तिला टेबलातल्या 2.11 ने गुणलं की दहा. हा सी.डी. तुझे सात त्याच्या आत.

मामा : आणि आत म्हणून शून्य.

भाची : शून्य कुठे म्हटलं मी?

मामा : निष्कर्षात काय लिहिलंयस ते वाच.

भाची : "फवारणीचा उत्पादनावर परिणाम आढळला नाही."

मामा : माझ्यासारख्याने हे वाचलं तर तो काय समजेल? परिणाम नाही. पंप ठेवून द्या माळ्यावर.

इथे मामाचं चुकत नाही. भाचीच्या टी-टेस्टचा प्रश्न एवढाच होता : फवारणीने काहीच होत नाही असं धरून चाललो, तरी नुसत्या झाडाझाडांतल्या चढउतारामुळे इतका किंवा याहून मोठा फरक, कुठल्याही बाजूला, कितीदा दिसेल? उत्तर येतं शंभरात सोळा वेळा. पी-व्हॅल्यू 0.16. प्रघात पाचाचा, म्हणून एन.एस. "पुरावा पुरेसा नाही" आणि "परिणाम नाही" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं न्यायाधीशाने आरोपीला सोडताना म्हणावं तसं, आणि दुसरं आरोपीच्या वकिलाचं. प्रबंधांत पहिल्याच्या जागी दुसरं सर्रास बसवलेलं असतं.

मामा : ह्या पाच टक्क्यांचा जी.आर. कोणी काढला?

भाची : फिशरने. 1925 च्या पुस्तकात. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडला शेतीच्या प्रयोगांवर काम करायचा. विसात एक ही मर्यादा सोयीची वाटते एवढंच म्हणाला होता.

मामा : त्याच्या सोयीची. माझ्या?

भाची : मामा, तुझ्या सोयीने मोजलं तर काय होतं ते मला माहीत आहे. मागे कुणी सांगितलं म्हणून कसलं तरी पाणी घातलंस, त्या वर्षी आंबा लागला, आणि अजून सगळ्या आळीला सांगतोस. हापूस वर्षाआड धरतो. आदल्या वर्षी झाड रिकामं होतं, म्हणजे यंदा ते येणारच होतं. पाणी घातलं नसतंस तरी आलं असतं.

मामा : ते पाणी नव्हे, कल्टार, दरवर्षी आंबा धरायचं औषध. मी विद्यापीठाने सांगितल्यावरच घातलं हो.

भाची : आणि विद्यापीठाने ते प्रयोग करून, असेच तक्ते मांडून सांगितलं. मधे एक उंबरठा नसेल तर प्रत्येकाला आपल्याला हवं ते दिसतं. टेस्ट असते ती आपण आपल्यालाच फसवू नये म्हणून.

मामा : उंबरठा असू दे. पण उंबरठ्याच्या आत काय आहे ते तरी सांग. मला आकडा हवा. किती वाढेल? कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती?

भाची : ते सोपं आहे. सातातून दहा वजा कर, सातात दहा मिळव. उणे तीन ते अधिक सतरा. 95 टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल.

मामा : एवढंच? मग हे लिहिलं का नाहीस?

मामाचा हा प्रश्न मला सगळ्या वादाच्या मुळाशी गेलेला वाटतो. सी.डी. म्हणजे त्या इंटरव्हलच्या रुंदीचा अर्धा भाग. फरक अधिक-उणे सी.डी., झाला इंटरव्हल. शून्य त्या पट्ट्यात पडलं की एन.एस., बाहेर राहिलं की सिग्निफिकंट. टेस्ट आणि इंटरव्हल हे दोन पक्ष असल्यासारखे आपण भांडतो, पण गणित एकच आहे. टेस्ट त्या पट्ट्याला एकच प्रश्न विचारते, तुझ्यात शून्य आहे का, आणि उत्तर मिळताच पट्टा फेकून देते. प्रबंधाच्या तक्त्यात सी.डी. छापलेला असतो, सरासऱ्या छापलेल्या असतात, आणि त्यांच्यातली एक वजाबाकी व एक बेरीज वाचणाऱ्याने करायची राहून जाते.

उणे तीन ते सतरा. आता वाचा. फवारणीने झाडामागे तीन किलो नुकसान होऊ शकतं, सतरा किलो फायदाही होऊ शकतो, आणि वीस कलमांवरून याहून नेमकं सांगता येत नाही. "परिणाम आढळला नाही" या वाक्यातून हे सतरा किलो कुठे गेले?

मामा : म्हणजे खरा आकडा उणे तीन आणि सतराच्या मधे असण्याची शक्यता 95 टक्के.

भाची : सगळे असंच म्हणतात, पण ते बरोबर नाही. खरा आकडा जो आहे तो आहे, तो हलत नाही. हलतो तो पट्टा. दुसरी वीस कलमं घेतली असती तर वेगळा आला असता. असे शंभर प्रयोग केले तर साधारण पंचाण्णव पट्ट्यांत खरा आकडा सापडेल. आपला त्या पंचाण्णवांतला की उरलेल्या पाचांतला, ते कळायला मार्ग नाही.

मामा : म्हणजे हमी पद्धतीची, मालाची नाही.

भाची : हां, तसंच. आणि पट्ट्यातले सगळे आकडे सारखेच खरे वाटायचे असंही नाही. सातच्या आसपासचे मोजलेल्या वजनांशी जास्त जुळतात, टोकाचे कमी.

मामा : मला एक कळत नाही. फवारलेली झाडं जास्त विषम निघाली, बारा आणि नऊ. दोन्हींना एकच माप लावलंस?

हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. दोन गटांचा विखुरलेपणा वेगळा असेल तर सरासऱ्यांची तुलना कशी करायची, यावर संख्याशास्त्रात बेरेन्स-फिशर या नावाने मोठा खल झाला आहे. त्यात आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा माणूस आहे : पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म 1911. पुण्याच्या फर्ग्युसनमधून शिकून ते 1933 मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. तिथे त्या काळी फिशर एकीकडे, एगॉन पिअर्सन दुसरीकडे, आणि 1934 पासून पिअर्सनच्या बाजूला नेमन. टेस्टकडे कसं पाहायचं यावरून दोन्ही गटांचं इतकं बिनसलेलं की चहालासुद्धा एका वेळी बसत नसत. कॉन्फिडन्स इंटरव्हल ही कल्पना या नेमनचीच. सुखात्म्यांनी नेमनच्या नमुना-निवडीच्या पद्धतीवरही काम केलं, आणि 1938 मध्ये 'संख्या' या भारतीय नियतकालिकात फिशर-बेरेन्सच्या टेस्टसाठी कोष्टकंही हिशोबून दिली. दोन विषम गटांच्या सरासऱ्या ताडून पाहण्याची ही कोष्टकं फिशर आणि येट्सच्या प्रसिद्ध कोष्टकसंग्रहात गेली. म्हणजे दोन्ही बाजूंचं मीठ खाल्लेला हा माणूस. पुढे त्यांनी विनायक पानसे यांच्याबरोबर शेतीसंशोधकांसाठी संख्याशास्त्राचं पुस्तक लिहिलं, ते 1954 मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेने काढलं. सी.डी.चं वळण आपल्याकडच्या कृषी विद्यार्थ्यांच्या दोन-तीन पिढ्यांना या पानसे-सुखात्म्यांनी लावलं.

भाचीने मात्र वेल्चची पद्धत वापरली आहे, आता संगणकावर बहुधा तीच असते.

भाची : नाही, वेगवेगळी मापं धरली आहेत. म्हणून टेबलातला आकडा अठराच्या ओळीचा न घेता सतराच्या आसपासचा घेतला. 2.10 च्या जागी 2.11. इथे काही फरक पडत नाही, कारण दोन्हीकडे दहा-दहा झाडं आहेत. निसर्ग वादळात पडली तशी निम्मी झाडं एकाच बाजूची पडली असती, तर पडला असता.

मामा : 2020 च्या त्या तीन जूनचं नाव काढू नकोस. बरं, दुसरं सांग. तू फळांची वजनंही घेतलीस ना? ती तर सिग्निफिकंट आली म्हणालीस.

भाची : हो. दोन्हीकडची चारशे-चारशे फळं. 257 ग्रॅम आणि 250. फरक सात ग्रॅम, इंटरव्हल दीड ते साडेबारा. शून्य बाहेर. पी 0.01 च्या आसपास.

मामा : सात किलो सिद्ध नाही आणि सात ग्रॅम सिद्ध!

भाची : फळं चारशे आहेत ना. मोजमापं वाढली की पट्टा अरुंद होतो.

मामा : अगो, सात ग्रॅमने माझी पेटी बदलत नाही. पाच डझनाचं फळ पाच डझनातच राहतं. वाशीला दलाल हातात घेऊन बघतो तेव्हा सात ग्रॅम त्याला कळणारही नाहीत. आणि पट्ट्याचं वरचं टोक तरी किती? साडेबारा. तेवढ्यानेही माझं काम होत नाही. मग ह्या सिग्निफिकंटचा उपयोग काय?

भाची : एवढाच, की फरक शून्य नाही असं म्हणता येतं.

मामा : शून्य नाही हे सिद्ध करायला चारशे फळं मोजलीस! आणि ती चारशे कुठल्या झाडांची?

भाची : ...दहा-दहा झाडांची. दर झाडाची चाळीस.

मामा : एका झाडाची चाळीस फळं एकमेकांची भावंडं. त्या झाडाला ऊन जास्त, त्याची सगळी मोठी. ती चाळीस वेगळी कशी मोजलीस?

भाची थोडा वेळ बोलत नाही, आणि तिने बोलू नये हेच बरं. फवारणी झाडावर केली, म्हणून प्रयोगाचं एकक झाड. चारशे फळं मोजल्याने झाडं दहाचीच राहतात, फक्त प्रत्येक झाडाची सरासरी जरा जास्त नेमकी कळते. हिशोब दहा सरासऱ्यांवर मांडायला हवा, आणि तसा मांडला की तो देखणा अरुंद पट्टा पुष्कळदा शून्याला कवेत घेण्याइतका पसरतो. सूत्र कुठलंही वापरा, टेस्टचं किंवा इंटरव्हलचं, ही चूक दोन्हींत सारखीच शिरते.

सूत्र न चुकताही होणारी आणखी एक चूक इथेच सांगून टाकतो, कारण ती चांगल्या शिकलेल्या लोकांतही दिसते. दोन सरासऱ्यांचे वेगवेगळे इंटरव्हल काढायचे, ते एकमेकांवर चढलेले दिसले की फरक नाही म्हणायचं. नमुने मोठे आहेत, सरासऱ्या 30 आणि 40, दोन्हींची एस.ई. तीन, असं धरा. पहिलीचा पट्टा साधारण 24 ते 36, दुसरीचा 34 ते 46. दोन एककं एकमेकांवर. पण फरकाची एस.ई. तीन अधिक तीन अशी सहा नसते, ती वर्गांच्या बेरजेचं मूळ म्हणजे 4.24 असते. फरकाचा इंटरव्हल 1.7 ते 18.3, शून्य बाहेर. तुलना करायची तर फरकाचाच पट्टा काढावा.

मामा : मग माझी वीस कलमं फुकट गेली म्हणायची.

भाची : फुकट नाही, झाडाझाडांत किती फरक आहे ते कळलं. पुढचा प्रयोग त्यावरून आखता येईल.

मामा : मी सांगतो कसा आखायचा. तू सड्यावरची आणि वाडीतली कलमं एकत्र कालवलीस. सड्यावर कातळ, मातीच वीतभर. तिथलं कलम वाडीतल्याच्या निम्मं देणार. त्यापेक्षा जोड्या लाव. कातळावरची दोन, एका वयाची, एका घेराची, एकावर फवार, दुसरं सोड. वाडीतली दोन, तसंच.

भाची : पेअर्ड टी-टेस्ट. ते माझ्या डोक्यात आहे. दर जोडीतला फरक घ्यायचा आणि त्या दहा फरकांचीच सरासरी काढायची. सडा आणि वाडी यांच्यातला फरक आपोआप वजा होतो. समज, सरासरी फरक पुन्हा सातच आला आणि त्या फरकांचा एस.डी. आठ. एस.ई. 2.53, नऊच्या ओळीला टेबलात 2.26. इंटरव्हल 1.3 ते 12.7.

मामा : शून्य बाहेर! तेवढीच झाडं, तोच फरक! मग आत्ताच्याच वीस झाडांच्या जोड्या लाव की. कुठलं कुठे आहे ते मी सांगतो.

भाची : ते नाही चालणार. निकाल बघून जोड्या लावल्या तर तू जमतील तशा लावशील.

मामा : मी?

भाची : कोणीही. 1930 मध्ये स्कॉटलंडात लॅनार्कशरला शाळेतल्या वीस हजार मुलांवर प्रयोग झाला. दहा हजारांना रोज दूध, दहा हजारांना नाही. कोणाला द्यायचं ते चिठ्ठ्या टाकून किंवा नावाच्या क्रमाने ठरवायचं होतं, पण गट बरोबरीचे वाटले नाहीत तर थोडी अदलाबदल करायची मुभा शिक्षकांना होती. त्यांना गरीब, हडकुळ्या पोरांची दया आली. दूध त्यांच्याकडे गेलं, आणि दूध न मिळणारी मुलं सुरुवातीपासूनच उंच आणि वजनदार निघाली.

मामा : दयेत चूक काय?

भाची : दयेत नाही, तुलनेत. वर वजनं कपड्यांसकट, एकदा फेब्रुवारीत, एकदा जूनमध्ये. हिवाळ्यात श्रीमंत पोरांच्या अंगावर जाड कपडे, उन्हाळ्यात सगळेच हलके. ज्याच्या नावाने आपण टी-टेस्ट करतो त्या 'स्टुडंट'ने, म्हणजे गिनेसच्या दारूभट्टीतल्या गॉसेटने, 1931 मध्ये ह्याची चिरफाड केली. म्हणाला, वीस हजारांपेक्षा थोड्या जुळ्या भावंडांच्या जोड्या घेतल्या असत्या तरी जास्त कळलं असतं.

मामा : माझ्या सड्यावरच्या जोड्या. शहाणा माणूस. बरं, धर की जोड्या लावल्या आणि तुझा पट्टा आला, 1.3 ते 12.7. आता माझा हिशोब ऐक. औषध, गडी, पंपाचं पेट्रोल. झाडामागे चार किलो वाढले तर माझा खर्च सुटतो. त्याच्या खाली मी तोट्यात. तू मला सांगणार, फवारणी सिद्ध झाली. मी फवारायचं का?

भाची : चार पट्ट्याच्या आत आहे.

मामा : म्हणजे?

भाची : म्हणजे परिणाम आहे असं म्हणता येईल, पण परवडतो असं नाही. टेस्ट शून्याशी केली. ती चाराशी केली तर सात वजा चार, भागिले 2.53. 1.19. सिद्ध होत नाही.

मामा : मग आधीच चाराशी का नाही करत? शून्य विचारलंय कोणी?

भाची : कोणीच नाही. टेबल तसं असतं म्हणून.

गंमत अशी की आता दोघांनी जागा बदलल्या आहेत. आकडा हवा म्हणणाऱ्या मामाला हो-नाही हवं आहे, आणि उंबरठा मानणारी भाची पट्ट्यात काय काय आहे ते दाखवते आहे. माझा कल पट्ट्याकडे आहे, तो का ते या चार किलोंत दिसतं. पट्टा छापला की वाचणारा आपला उंबरठा आपण त्यावर ठेवू शकतो. एकाचा खर्च चार किलोंवर सुटेल, घरचेच गडी असलेल्या दुसऱ्याचा दोनावर. एन.एस. किंवा सिग्निफिकंटच्या दोन चांदण्या छापल्या की उंबरठा छापणाऱ्याने ठरवलेला असतो, आणि तो बहुतेक वेळा शून्यावर असतो, जिथे बागेत कोणीच उभं नसतं. अमेरिकेच्या संख्याशास्त्र संघटनेने 2016 मध्ये पी-व्हॅल्यूवर निवेदन काढलं तेव्हा त्यातही हे बजावलं होतं : पी-व्हॅल्यू परिणामाचा आकार सांगत नाही.

मामा : पट्टा अजून अरुंद करायला काय लागेल?

भाची : जोड्या वाढवायच्या. अर्धा करायचा तर साधारण चौपट. चाळीस जोड्या.

मामा : ऐंशी कलमं! निम्म्यांना औषध नाही!

भाची : मग दोन हंगाम कर. वीस-वीस जोड्या. वर्षाआडचा आंबाही त्यात सांभाळला जाईल.

मामा : वीस जोड्या देतो. पण तळ्याकाठचं ते मोठं कलम न फवारता ठेवायचं नाही. ते माझ्या बापाने लावलेलं आहे.

भाची : मग ते प्रयोगात घेऊच नको. जोडीत घेतलंस तर कोणावर फवारायचं ते चिठ्ठीने ठरणार.

मामा : ठीक. चिठ्ठ्या मी काढतो.

भाची : तू सोडून कोणीही काढेल, मामा.